मीटरला आधी हवा दाखवा

पहाटे साडेपाचला ठाण्यातल्या एका तलावाच्या पायरीवर मी दोन विद्यार्थ्यांबरोबर उभा होतो. आदला दिवस ढगाळ गेला होता, रात्रभर वारा नव्हता. पाण्यावर जागोजाग बारीक वर्तुळं उमटत होती आणि प्रत्येक वर्तुळाच्या मध्ये एका माशाचं उघडं तोंड होतं. रोहू, कटला असे वर येऊन तोंड चालवायला लागले, की खाली प्राणवायू संपत आलाय हे सांगायला यंत्र लागत नाही. किती उरलाय हे सांगायला मात्र लागतं. आमच्या मीटरवर आकडा आला ४.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात, म्हणजे डी वर्गात, किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा लागतो. वहीत ४.१ लिहिलं गेलं आणि तलाव कागदावर पास झाला.

त्याच जागी आम्ही दोन बाटल्या पाणीही धरलं होतं. दुपारी विंकलरच्या जुन्या पद्धतीनं टायट्रेशन केलं, तेव्हा उत्तर आलं २.६. मासे खरं बोलत होते, मीटर चुकलं होतं. ते चुकलं माझ्या हातून. घाईत मी कॅलिब्रेशनच्या कपात पाणी जास्त ओतलं आणि प्रोबचं टोक त्या थांबलेल्या पाण्यात बुडालं. मीटर त्या पाण्यालाच 'शंभर टक्के' समजलं आणि पुढचा प्रत्येक आकडा फुगला. त्या दिवसापासून मी कॅलिब्रेशनचं काम कधीही उरकून टाकत नाही. तुम्हीही टाकू नये म्हणून हा लेख.

माझं घर नौपाड्यात. मासुंदा आणि कचराळी, दोन्ही तलाव चालत जाण्याच्या अंतरावर. या भागात हल्ली विरघळलेला प्राणवायू मोजणारं, हातात धरायचं डीओ मीटर बऱ्याच जणांकडे दिसतं. महाविद्यालयांत प्रकल्पासाठी असतं, गणपती विसर्जनाच्या आधी-नंतर पाणी तपासणाऱ्या गटांकडे असतं, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्यांकडे असतं. यंत्र चांगलं असतं, पण बहुतेकदा ते प्रयोगशाळेत आठवड्यापूर्वी कॅलिब्रेट केलेलं असतं, आणि तेवढ्या भरवशावर तलावाचा निकाल लावला जातो.

एक गोष्ट नीट समजली की बाकीचं आपोआप लक्षात राहतं. प्रोब मिलिग्रॅम मोजत नाही. तो मोजतो प्राणवायूचा दाब. हवेचा जो एकूण दाब असतो, त्यातला सुमारे २१ टक्के वाटा प्राणवायूचा. हवेशी पूर्ण समतोल साधलेल्या पाण्यात हा दाब हवेइतकाच असतो. म्हणून प्रोबला बाष्पानं भरलेली हवा दाखवली काय आणि हवेनं तृप्त झालेलं पाणी दाखवलं काय, त्याला दोन्ही सारखीच. त्या दाबावरून लिटरमागे किती मिलिग्रॅम होतात हा हिशेब मीटरच्या आत होतो, आणि त्या हिशेबाला तापमान, हवेचा दाब आणि पाण्याचा खारेपणा हे तीन आकडे लागतात. यातला एक जरी चुकला तरी मीटर काही तक्रार करत नाही, चुकीचं उत्तर दोन दशांशांपर्यंत देतं.

कॅलिब्रेशन म्हणजे आजच्या जागेवरची, आजची हवा मीटरला दाखवून 'याला शंभर म्हण' असं सांगणं.

आपलं मीटर कुठल्या जातीचं आहे ते आधी पाहा. जुन्या पोलरोग्राफिक प्रोबमध्ये सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा एक ध्रुव, चांदीचा दुसरा, मध्ये पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आणि टोकावर पातळ मेम्ब्रेन असतं. अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात रक्तातला प्राणवायू मोजण्यासाठी हा इलेक्ट्रोड घडवला, आणि पुढे तोच तलावापर्यंत आला. हा प्रोब चालू केल्यावर पाच ते पंधरा मिनिटं नुसता ठेवावा लागतो, तोवर त्याचा आकडा धरायचा नाही. गॅल्व्हानिक प्रोबला ही वाट पाहावी लागत नाही, कारण त्याचे दोन धातू स्वतःच वीज तयार करतात. या दोन्ही जाती मोजता मोजता प्राणवायू खातात, म्हणून टोकासमोरचं पाणी सतत हलतं राहावं लागतं. माझ्या कपातलं पाणी थांबलेलं होतं. प्रोबनं त्यातला प्राणवायू खाऊन टाकला आणि उरलेल्यालाच पूर्ण मानलं. तिसरी जात प्रकाशावर चालते. टोकावरच्या टोपीत एक रंगद्रव्य असतं, ते निळ्या प्रकाशात चमकतं, आणि प्राणवायू जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते. हा प्रोब प्राणवायू खात नाही आणि महिनोन् महिने फारसा हलत नाही. परवडत असेल तर हाच घ्यावा असं माझं मत आहे. फक्त त्याची टोपी वर्ष-दोन वर्षांनी बदलावी लागते, आणि तोही कॅलिब्रेट करावाच लागतो.

आता कप. यावर थोडा वेळ घालवू, कारण निम्म्याहून जास्त चुका इथे होतात.

मीटरबरोबर एक प्लॅस्टिकचा कप किंवा ओल्या स्पंजचं म्यान येतं. स्पंज असेल तर भिजवून पिळून घ्या, ओला हवा पण ठिबकणारा नको. कप असेल तर तळाला अर्धा सेंटिमीटर पाणी पुरे. प्रोब आत सोडण्याआधी टोक उजेडात धरून पाहा. मेम्ब्रेनवर एक थेंब जरी चिकटलेला असला तरी त्या थेंबातून प्राणवायू हळू शिरतो, आणि मग आमच्या त्या पहाटेसारखंच पुढचं सगळं वाढीव येतं. थेंब टिपायला मऊ टिश्यूचा कोपरा मेम्ब्रेनच्या कडेला फक्त टेकवायचा, पुसायचं नाही. बोट तर लावायचंच नाही, त्वचेचं तेल पाण्यानं निघत नाही.

कपाचं झाकण घट्ट आवळू नका. आतल्या हवेचा दाब बाहेरच्याइतकाच राहायला हवा, म्हणून आटा एक फेरा सैल ठेवायचा. मग कप सावलीत ठेवायचा. उन्हात पाच मिनिटांत कपातली हवा आणि प्रोब यांची तापमानं वेगळी होतात, आणि कॅलिब्रेशन तिथेच बिघडतं. पहाटे ही अडचण नसते. दुपारी असाल तर ओल्या पंच्यात गुंडाळून झाडाखाली ठेवा.

आणि थांबा. निदान दहा मिनिटं. तापमानाचा आकडा हलायचा थांबला, टक्क्यांचा आकडा दोन-तीन मिनिटं तिथल्या तिथे राहिला, की मगच कॅलिब्रेशनचं बटण दाबायचं. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून प्रोब बाहेर काढलात तर जास्त थांबा. अशा वेळी चष्म्याच्या काचांचं जे होतं तेच मेम्ब्रेनचं होतं, त्यावर दव धरतं. मी आता मीटर आदल्या रात्री बाल्कनीतच ठेवतो.

कप ओलाच का हवा, असं विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. २८ अंशांना पूर्ण ओल्या हवेतली वाफ सुमारे २८ मिलिमीटर दाब व्यापते, म्हणजे एकूण दाबाच्या पावणेचार टक्के. तेवढी जागा प्राणवायूला मिळत नाही. हवा निम्मीच ओली असेल तर प्रोबला सुमारे दोन टक्के जास्त प्राणवायू दिसतो आणि नंतरची रीडिंगं तितकी कमी येतात. जुलैत ठाण्याची हवा इतकी दमट असते की प्रोब नुसता हवेत धरला तरी फरक जाणवत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी जाणवतो.

यानंतर हवेचा दाब. ७६० मिलिमीटर पारा, म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल, हा पुस्तकातला प्रमाण दाब. ठाणे समुद्रसपाटीच्या जवळ असलं तरी पावसाळ्यात आपल्याकडे दाब १००४ च्या आसपास उतरतो. हेक्टोपास्कलला ०.७५ नं गुणलं की मिलिमीटर मिळतात, १००४ चे ७५३. मीटर स्वतः दाब मोजत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर हवामानाच्या बातमीतला आकडा घालता येतो, किंवा फोनमध्ये दाबमापक असेल तर तो पाहता येतो. पण एक मेख आहे. हवामान खातं जो दाब जाहीर करतं तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. ठाण्यात, डोंबिवलीत यानं फरक पडत नाही. हेच मीटर घेऊन माथेरानच्या शार्लोट तलावावर गेलात, तर तिथला खरा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ९१ टक्केच असतो. जाहीर झालेला आकडा तिथे घातलात तर सगळी रीडिंगं दहाएक टक्क्यांनी वाढलेली येतील. डोंगरावर फोनचा दाबमापक किंवा उंचीवरून काढलेला दाबच घालायचा.

७५३ मिलिमीटरला काही मीटर कॅलिब्रेशननंतर १००.० ऐवजी ९९.१ दाखवतात. नवीन माणूस घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतो. ७५३ भागिले ७६०, तेच ते ९९.१. मीटर बरोबर आहे. काही कंपन्यांची मीटरं मात्र स्थानिक दाबालाच शंभर म्हणतात. आपलं कुठलं आहे ते पुस्तिकेत एकदाच पाहून मीटरच्या पाठीवर चिकटवून टाका.

मीटरचा हिशेब पडताळायला एक छोटा तक्ता मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. गोडं पाणी, ७६० मिलिमीटर दाब आणि पूर्ण तृप्तता धरली, तर २० अंशांना ९.०९ मिलिग्रॅम, २४ ला ८.४२, २६ ला ८.११, २८ ला ७.८३, ३० ला ७.५६ आणि ३२ ला ७.३. कप शंभर टक्क्यांवर असताना मिलिग्रॅमचा आकडा या तक्त्याला त्या दिवसाच्या दाबाच्या प्रमाणात जुळला पाहिजे. २८ अंश आणि ७५३ दाबाला ७.७६ यायला हवा. टक्के बरोबर आणि मिलिग्रॅम चूक असं दिसलं तर प्रोबचा दोष नाही, तापमान, दाब किंवा क्षार यांपैकी काहीतरी चुकीचं घातलं गेलंय. तापमानाचा संवेदक महिन्यातून एकदा काचेच्या चांगल्या तापमापकाशेजारी बादलीत बुडवून पाहावा. एका अंशाची चूक तृप्ततेच्या आकड्यात ०.१३-०.१४ मिलिग्रॅमचा फरक पाडते, आणि मेम्ब्रेनच्या प्रोबमध्ये त्याहून जास्त, कारण तापमानाबरोबर मेम्ब्रेनची पारगम्यताही बदलते.

दुसरी सोपी पडताळणी बादलीची. नळाचं पाणी बादलीत घेऊन मत्स्यपेटीचा छोटा हवापंप त्यात तासभर चालवा. मग पंप बंद करून, बुडबुडे विरले की प्रोब हलवत रीडिंग घ्या. दोन टक्क्यांच्या आत शंभर आलं तर कॅलिब्रेशन ठीक. नळातून नुकत्या काढलेल्या पाण्यावर विसंबू नका, त्यात प्राणवायू कमी असू शकतो आणि जास्तही.

शून्याची तपासणी लोक हमखास टाळतात. तलावांसाठी आणि सांडपाण्यासाठी तीच जास्त गरजेची, कारण आपल्याला खरी चिंता असते ती खालच्या आकड्यांची. अर्धा लिटर पाण्यात आठ-दहा ग्रॅम सोडियम सल्फाइट विरघळवलं की ते पाण्यातला प्राणवायू शोषून घेतं. चिमटीभर कोबाल्ट क्लोराइड घातलं तर हे लवकर होतं, पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, आणि ते द्रावण तलावाच्या काठी कधीच नेऊ नका, ओतणं तर दूरच. प्रोब बुडवल्यावर काही मिनिटांत आकडा ०.१-०.२ च्या खाली उतरायला हवा. अर्ध्या मिलिग्रॅमवर अडकला तर मेम्ब्रेन फाटलेलं असेल, त्याच्याखाली बुडबुडा असेल किंवा ध्रुव मळलेला असेल. तपासणीनंतर प्रोब तीन-चार पाण्यांनी धुवा. मेम्ब्रेनवर राहिलेलं सल्फाइट पुढच्या रीडिंगमधला प्राणवायूही खात राहतं.

तलाव सोडून खाडीवर जाणार असाल तर खारेपणाशिवाय मीटर चालू करू नका. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, तिथे पाणी मोजायला येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि त्याबरोबर ही चूकही. २८ अंशांच्या गोड्या पाण्यात ७.८३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तितक्याच गरम पण लिटरमागे ३० ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात फक्त ६.६ च्या आसपास. मीटरमध्ये क्षार शून्यावर ठेवलात तर ते मिलिग्रॅम सुमारे १८ टक्के वाढवून सांगतं. कपातल्या कॅलिब्रेशननं ही चूक निघत नाही, कारण कपात हवाच असते. क्षाराचा आकडा नमुना घेताना वेगळा घालायचा असतो. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली किंवा डोंबिवलीच्या रेतीबंदरावर उल्हास नदीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर बदलतं. ऑगस्टात जवळजवळ गोडं असलेलं पाणी मे महिन्यात खारं लागतं. तिथे दर नमुन्याला रिफ्रॅक्टोमीटर किंवा कंडक्टिव्हिटी मीटर सोबत हवंच, आणि भरतीची वेळ वहीत हवीच.

खाडीच्या चिखलाला किंवा वालधुनीसारख्या नदीला कुजक्या अंड्यांचा वास येत असेल तर मेम्ब्रेनच्या प्रोबची आणखी एक काळजी घ्या. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू मेम्ब्रेनमधून आत शिरतो आणि चांदी काळी पडते. अशा ठिकाणी प्रोब गाळात टेकू देऊ नका, रीडिंग झाल्याबरोबर धुवा, आणि परत आल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करा.

मेम्ब्रेन बदलणं हा हाताच्या सवयीचा भाग आहे. टोपीत द्रावण काठोकाठ भरायचं, नखानं बाजूला दोन-तीनदा टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे, मग प्रोब सरळ उभा धरून हळूहळू आटा फिरवायचा. थोडं द्रावण बाहेर सांडलंच पाहिजे, न सांडलं तर आत हवा राहिली असं समजा. नवं मेम्ब्रेन ताणून स्थिर व्हायला काही तास लागतात. म्हणून मोजणीच्या दिवशी मेम्ब्रेन बदलू नये, आदल्या संध्याकाळी बदलावं.

विंकलरची पद्धत जुनी आहे म्हणून टाकून देऊ नका. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये मांडली आणि आजही मीटरची खातरजमा तिच्यावरच होते. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत नळी तळापर्यंत घालून, बुडबुडा न होऊ देता, पाणी दोन-तीनदा ओसंडू द्यायचं. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडायचं. तपकिरी साका खाली बसला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर संपलाय. साका बसला की सल्फ्युरिक आम्लानं तो विरघळवायचा आणि टायट्रेशन करायचं. २०० मिलिलिटर नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट जितके मिलिलिटर लागेल, तितकेच मिलिग्रॅम प्रति लिटर. रसायनांना हात लावण्याआधी कोणा जाणकाराच्या हाताखाली एकदा करून पाहा. महिन्यातून एकदा मीटर आणि बाटली शेजारी ठेवा. ०.३ च्या आत जमलं तर निश्चिंत राहा.

कॅलिब्रेशन बिनचूक करून चुकीच्या वेळी तलावावर जाणारेही मी पाहिलेत. हिरव्या शेवाळाच्या पाण्यात दुपारी तीनला १४०-१५० टक्के आलं तर मीटरवर शंका घेऊ नका. शेवाळ उन्हात प्राणवायू बनवत असतं, तो आकडा खरा असतो. तेच शेवाळ रात्रभर श्वास घेतं, त्यामुळे मासे मरतात ते पहाटे. दुपारची वेळ सोयीची म्हणून तेव्हाच मोजलेल्या तलावाचा निकाल माशांच्या काही उपयोगाचा नसतो. सूर्योदयाआधी जा. कारंज्यापासून आणि होडीच्या वल्ह्यांपासून लांब राहा. प्रोब अर्धा मीटर खोल सोडा आणि मेम्ब्रेनवाला असेल तर सेकंदाला वीतभर वेगानं वरखाली हलवत राहा.

आणि परत निघण्यापूर्वी प्रोब पुन्हा कपात घाला. कॅलिब्रेट करायला नाही, फक्त पाहायला. सुरुवातीच्या आकड्याच्या दोन टक्क्यांच्या आत असेल तर मधली रीडिंगं धरायची. दोन ते पाचच्या मध्ये असेल तर तशी नोंद करून धरायची. पाचच्या पलीकडे गेलं तर त्या पहाटेची सगळी रीडिंगं बाद, हा माझा नियम आहे. तीन तास उभं राहून घेतलेले आकडे खोडताना जिवावर येतं, तरी खोडायचे.

माझ्या वहीतलं परवाचं पान असं आहे: मासुंदा तलाव, कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूनं. ५:४० ला कप सावलीत, दाब ७५४, तापमान २७.२, थांबलो १२ मिनिटं, कॅलिब्रेशन ९९.२. क्षार शून्य. ७:०५ ला पुन्हा कप, ९८.८. मधल्या सहाही नोंदी ठेवल्या. टोपीतला स्पंज ओला करून, पिळून, प्रोब आत ठेवला.